आधी संहिता, मग विंडोज

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावात जत्रेच्या उत्सवी नाटकाची तालीम ऐन रंगात आलेली आणि दिग्दर्शकांचा लॅपटॉप सुरू होईनासा झाला. पडद्यावर ‘प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर’, मग ‘डायग्नोझिंग युवर पीसी’, मग अंधार, मग पुन्हा पहिल्यापासून तेच. कुणीतरी फोनवरून सांगितलं, रिसेट मारा, म्हणजे विंडोज स्वतःला नव्याने बसवेल. त्यांनी ‘कीप माय फाइल्स’ निवडलं. टक्के हळूहळू चढले, मध्येच अडले आणि इंग्रजीत उत्तर आलं: ‘देअर वॉज अ प्रॉब्लेम रिसेटिंग युवर पीसी. नो चेंजेस वेअर मेड.’ मग त्यांनी त्याखालचं बटण दाबलं, ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’. तेही अडलं, आणि पुसण्याच्या टप्प्यावर पोहोचण्याआधीच अडलं. म्हणून त्यांच्या संहिता, नांद्या, पदांच्या चालींची टिपणं सारं जागच्या जागी राहिलं. रिकव्हरी, म्हणजे लॅपटॉपची स्वतःला दुरुस्त करायची सोय, बिघडलेली होती म्हणून त्यांचं काम वाचलं. ती धडधाकट असती, तर तिने सांगितल्याप्रमाणे सगळं पुसून टाकलं असतं. ही गोष्ट मनातून जाता जात नाही.

रिकव्हरी का अडली हे कळेपर्यंत दुसरं बटण दाबायचं नाही.

लॅपटॉपमधली ही सोय राहते तरी कुठे? डिस्कवर, बहुधा सी ड्राइव्हला लागूनच, साधारण पाचशे एमबी ते एक जीबीचा एक लपवलेला कप्पा असतो. त्यात ‘विनआरई डॉट विम’ नावाची फाइल असते. ट्रबलशूट, स्टार्टअप रिपेअर, कमांड प्रॉम्प्ट हा सगळा निळा पडदा त्या फाइलमधून उलगडून रॅममध्ये चढतो. म्हणून सी ड्राइव्हवरचं विंडोज मोडलं तरी निळा पडदा दिसतो. पण कप्पा त्याच डिस्कवर आहे. डिस्क गेली की दोन्ही जातात. घराची दुसरी चावी घरातच खुंटीला अडकवून दार ओढून घ्यावं, तसं. शिवाय निळा पडदा दिसला म्हणजे रिसेट होणारच, असंही नाही. २०१२च्या विंडोज ८मध्ये रिसेट आलं तेव्हा त्यासाठी विंडोजची एक वेगळी प्रतिमा, म्हणजे पूर्ण तयार प्रत, डिस्कवर राखून ठेवलेली असे. २०१५च्या विंडोज १०पासून ती प्रतिमा गेली. रिसेट आता सी ड्राइव्हवरच्याच ‘विनएसएक्सएस’ या भांडारातून फाइली उचलून नवं विंडोज रचतं. जागा वाचली, जुने अपडेट परत घालायचा त्रास वाचला. पण ते भांडारच खराब असेल तर नवं काही उभं राहत नाही, आणि बरेचदा विंडोज बिघडलेलं असतं ते नेमकं तिथेच. २०२०मध्ये ‘क्लाउड डाउनलोड’ आलं ते याच अडचणीवर. त्याला चारेक जीबी तरी नेट लागतं आणि निळ्या पडद्यात वायफाय चालावं लागतं, तेही प्रत्येक लॅपटॉपवर चालत नाही.

कंपन्यांनी दिलेली रिकव्हरी ही आणखी वेगळी. एचपीवर एफ११, एसरवर आल्ट आणि एफ१० एकत्र, एसुसवर एफ९, जुन्या तोशिबावर शून्याचं बटण दाबून धरायचं, लेनोवोवर टाचणीने दाबायचं ते बारीक नोव्हो बटण. ही बटणं मुकी झाली की लोक कीबोर्डला दोष देतात. बहुतेक वेळा कारण वेगळं असतं: मधल्या काळात जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवलेली असते आणि बसवताना फक्त सी ड्राइव्हची नक्कल केलेली असते. दहा-वीस जीबीचा कंपनीचा कप्पा जुन्या डिस्कबरोबर गेला, आणि ती जुनी डिस्क कुठल्या ड्रॉवरमध्ये पडलीय ते कुणालाच आठवत नाही. आठवत असेल तर ती जपून ठेवावी. त्या डिस्कवर तोपर्यंतचा सगळा मजकूरही असतो. कधी कप्पा असतो पण विंडोज त्याचा पत्ता विसरलेलं असतं. चालू विंडोजमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘रीएजंटसी’ ही आज्ञा ‘इन्फो’ या पर्यायासह दिली की पहिल्याच ओळीत ‘एनेबल्ड’ की ‘डिसेबल्ड’ ते कळतं. जानेवारी २०२४मध्ये विंडोज १०चं केबी५०३४४४१ हे अपडेट असंख्य यंत्रांवर ०एक्स८००७०६४३ हा आकडा दाखवून अडलं, त्याचं कारणही हा कप्पाच होता. त्याला रिकव्हरीच्या कप्प्यात २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि जुन्या यंत्रांवर ती नव्हती. त्या निमित्ताने अनेकांना असा काही कप्पा आपल्या लॅपटॉपमध्ये आहे हे पहिल्यांदा कळलं.

गोव्यात या बिघाडाला स्वतःचा एक ऋतू आहे. जून ते सप्टेंबर. घरोघरचे बरेचसे लॅपटॉप आता टेबलावरून हलत नाहीत. बॅटरी केव्हाच मेलेली असते, चार्जर कायम जोडलेला. म्हणजे नावाला लॅपटॉप, प्रत्यक्षात भिंतीच्या विजेवर चालणारं यंत्र. विंडोज संध्याकाळी अपडेट घेऊन रीस्टार्ट होतं, टक्के मोजत बसतं, आणि तेवढ्यात आभाळ फाटतं, लाइट जाते. अर्धे नवे घटक बसलेले, अर्धे जुने, मधली यादी अपुरी. नंतर दोनदा सुरू व्हायचा प्रयत्न फसला की विंडोज आपसूक निळ्या पडद्याकडे वळतं. अशा वेळी डिस्क ठणठणीत असते, मजकूर ठणठणीत असतो, अडलेलं असतं ते फक्त ते अर्धवट अपडेट. याला रिसेटचीही गरज नसते. ट्रबलशूटमधल्या ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’मध्ये जाऊन आधी ‘क्वालिटी अपडेट’ काढून पाहावं, नाही निघालं तर ‘फीचर अपडेट’. तेही नाही जमलं तर कमांड प्रॉम्प्टमधून ‘डिझम’ या दुरुस्तीच्या आज्ञेला त्या विंडोजचा पत्ता देऊन ‘रिव्हर्टपेंडिंगॲक्शन्स’ सांगावं. अर्धवट राहिलेलं सारं ते मागे घेतं. साधा छोटा यूपीएस जोडलेला असला तर यातलं बरंचसं टळतं, आणि त्याची किंमत नव्या डिस्कपेक्षा कमी असते.

दमटपणाचा बिघाड मात्र चकवतो. रॅमच्या सोनेरी दातांवर हवेतल्या ओलीने, किनाऱ्याकडच्या गावांत मिठानेही, बारीक थर धरतो. यंत्र कधी सुरू होतं, कधी होत नाही. रिसेट एकदा बारा टक्क्यांवर अडतं, पुढच्या वेळी चाळीसवर, मग इन्स्टॉलेशन एखादी फाइल खराब आहे म्हणतं आणि तीच फाइल दुसऱ्या यंत्रावर नीट चालते. अडण्याची जागा दर वेळी बदलत असेल तर विंडोजला हात लावण्याआधी रॅम तपासायची. चार्जर काढायचा, आतली बॅटरी सोडवायची, पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरायचं, रॅमची पट्टी काढून तिचे दात आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे, पूर्ण वाळू द्यायचे आणि टक्क आवाज येईपर्यंत बसवायची. मग रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ रात्रभर चालू ठेवायचा. एक जरी चूक दाखवली तरी ती पट्टी बदलायची. याउलट अडण्याची जागा दर वेळी तीच असेल तर संशय डिस्कवर किंवा फाइलींच्या भांडारावर. झाकण उघडलंच आहे तर बॅटरीकडेही नजर टाकावी. ती फुगून टचपॅड वर आलेला असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ती काढून टाकायची.

डिस्क पाहायला विंडोज लागत नाही. दुसऱ्या यंत्रावर आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट किंवा उबंटू चढवावं आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करावा. डेल आणि लेनोवोवर एफ१२ने बूट मेन्यू येतो, एचपीवर एस्केप आणि मग एफ९, एसुसवर एस्केप. एसरवर एफ१२ असतं खरं, पण बरेचदा ते आधी बायोसमध्ये चालू करावं लागतं. लिनक्स ‘ट्राय’ म्हणून चालवायचं, ‘इन्स्टॉल’ला हात लावायचा नाही. तिथे ‘स्मार्टसीटीएल’ या आज्ञेने डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद वाचता येते. फिरत्या हार्ड डिस्कच्या नोंदीत दोन ओळी पाहाव्यात: ‘रीॲलोकेटेड सेक्टर काउंट’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’. दुसरीत शून्याखेरीज काहीही असेल तर ती डिस्क वाचताना अडखळते आहे, आणि रिसेट का अडत होतं याचं उत्तर मिळालं. एनव्हीएमई एसएसडीवर ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ आणि ‘अव्हेलेबल स्पेअर’ या ओळी पाहायच्या. हार्ड डिस्कमधून टिकटिक ऐकू येत असेल तर तिथेच वीज बंद करायची. त्यापुढे प्रत्येक मिनिट तिच्या पृष्ठभागावर ओरखडे काढत असू शकतं, आणि तो मजकूर खरोखर मोलाचा असेल तर ते काम स्वच्छ खोलीत डिस्क उघडणाऱ्यांचं आहे.

इथे एका सवयीविरुद्ध ठामपणे सांगावंसं वाटतं. डिस्कवर संशय आला की पुष्कळ जण ‘चेकडिस्क’ ‘आर’ पर्यायासह चालवतात. हा पर्याय डिस्कचा कण न् कण वाचतो, चुका दिसतील तिथे लिहितोही, आणि मरणाऱ्या डिस्कला तासन् तास राबवतो. मजकूर बाहेर काढण्याआधी हे करणं म्हणजे शेवटची ताकद चुकीच्या कामावर खर्चणं. आधी लिनक्समधल्या ‘डीडीरेस्क्यू’ने डिस्कची पूर्ण नक्कल घ्यावी. नकलेची डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठी हवी, आणि नोंदीसाठी मॅप फाइल हवीच. तिच्यामुळे काम मध्येच थांबलं तरी पुढे तिथूनच सुरू होतं. पहिल्या फेरीत ‘एन’ हा पर्याय देऊन सहज वाचता येईल तेवढं उचलायचं, अवघड जागा सोडून द्यायच्या. दुसऱ्या फेरीत ‘आर३’ देऊन उरलेल्या जागांवर तीनदा प्रयत्न. मूळ डिस्क कोणती आणि नकलेची कोणती, हे आज्ञा देण्याआधी आकारावरून आणि कंपनीच्या नावावरून पडताळायचं. क्रम उलटा झाला तर कोऱ्या डिस्कची नक्कल भरलेल्या डिस्कवर होते. चेकडिस्क चालवायचाच तर तो नकलेवर.

डिस्क ठणठणीत असेल तर मजकूर काढणं फार सोपं आहे. लिनक्समधून विंडोजची डिस्क उघडते. फास्ट स्टार्टअप चालू असलेल्या यंत्रावर ती फक्त वाचण्यापुरती उघडते, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं. लिनक्सही जवळ नसेल तर निळ्या पडद्यातल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नोटपॅड’ लिहून एंटर दाबावं. नोटपॅड उघडतं. त्याच्या फाइल मेन्यूतल्या ‘ओपन’मध्ये जाऊन खाली ‘ऑल फाइल्स’ निवडलं की डिस्कवरचे सगळे फोल्डर दिसतात. राइट क्लिक करून कॉपी, पेनड्राइव्हवर पेस्ट. प्रगतीची पट्टी दिसत नाही, काही काळ खिडकी गोठल्यासारखी वाटते. तिला वेळ द्यायचा. ड्राइव्हची अक्षरं तिथे बदललेली असतात, नेहमीचा सी कधी डी म्हणून दिसतो, म्हणून अक्षरावर न जाता आत ‘युजर्स’ फोल्डर आहे का ते पाहावं.

मजकूर म्हणजे डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स एवढंच नव्हे. मराठीत काम करणाऱ्यांच्या लॅपटॉपवर तर मुळीच नव्हे. नाटकाच्या संहिता, देवस्थानच्या अहवालांचे मजकूर, लग्नपत्रिका, दिवाळी अंकांची पानं हे बरंचसं अजूनही श्रीलिपीत किंवा तशाच जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहे. फाइल वाचली आणि फाँट गेला, तर नव्या विंडोजवर तीच संहिता रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गुंता म्हणून उघडते. फाइल खराब झालेली नसते, पण वाचता येत नाही, आणि घाबरून कुणीतरी ती पुसून टाकतं. म्हणून विंडोजमधला ‘फाँट्स’ फोल्डर पूर्णच उचलायचा. एकाच वापरकर्त्यासाठी बसवलेले फाँट अलीकडच्या विंडोजमध्ये ‘ॲपडेटा’मधल्या ‘लोकल’च्या आत असतात, तेही घ्यायचे. त्या टायपिंग सॉफ्टवेअरची मूळ सीडी किंवा इन्स्टॉलर, त्याचा यूएसबी डाँगल आणि डाँगलचा ड्रायव्हर हाताशी आहे का ते पुसण्याआधी पाहायचं. टॅलीचा डेटा त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असतो, तो कुठे आहे ते दुकानाच्या मालकालाच विचारावं. आउटलुकची पीएसटी फाइल, ब्राउझरचे बुकमार्क, स्कॅन केलेल्या सातबारा किंवा फॉर्म एक-चौदाच्या प्रती, भजनाच्या चालींची मोबाइलवरून उतरवलेली रेकॉर्डिंग, यातलं प्रत्येक वेगळ्या जागी असतं. यादी करून मालकाला वाचून दाखवावी. तेव्हा त्यांना हमखास आणखी एक फोल्डर आठवतो.

आणि एक दार असं आहे की ते किल्लीशिवाय उघडत नाही. डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारं बिटलॉकर, किंवा होम आवृत्तीत ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केलेल्या अनेक नव्या लॅपटॉपांवर ते न विचारता चालू झालेलं असतं. मग निळा पडदा ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात दुसऱ्या फोनवरून पाहता येते. पडद्यावरचा ‘की आयडी’ आणि खात्यातला आयडी जुळवून योग्य ती की घ्यायची. शाळेने किंवा ऑफिसने दिलेला लॅपटॉप असेल तर की त्यांच्याकडे. की कुठेच नसेल तर तो मजकूर कुणालाही काढता येत नाही, हे मालकाला स्पष्ट सांगावं आणि ‘काढून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

मजकूर बाहेर, तपासलेला, दुसऱ्या यंत्रावर दोन-चार फाइली उघडून पाहिलेला. मग विंडोज.

पुसण्याआधी दुरुस्तीचे दोन प्रयत्न करण्यासारखे असतात. ‘सिस्टम३२’मधल्या ‘लॉगफाइल्स’च्या आत ‘एसआरटी’ फोल्डरमध्ये ‘एसआरटीट्रेल’ ही मजकूर फाइल असते. स्टार्टअप रिपेअर कशावर अडलं ते तिच्या शेवटाकडे लिहिलेलं असतं. तिथे एखाद्या ड्रायव्हरचं नाव असेल तर शोध अर्धा संपतो. बूटच्या फाइली गेल्या असतील तर यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीच्या बायोसच्या यंत्रावर ‘बूटरेक’ या आज्ञेच्या ‘फिक्सबूट’ला बरेचदा ‘ॲक्सेस इज डिनाइड’ असं उत्तर मिळतं. तिथे रेंगाळू नये. डिस्कपार्ट या आज्ञेने बूटच्या फाइलींच्या, १०० एमबीच्या आसपासच्या ईएफआय कप्प्याला एक अक्षर द्यावं आणि ‘बीसीडीबूट’ला विंडोजचा फोल्डर आणि ते अक्षर सांगावं, बूटच्या फाइली नव्याने लिहिल्या जातात. भांडार खराब असेल तर पेनड्राइव्हवरच्या विंडोजचा स्रोत देऊन डिझमचं ‘रिस्टोअरहेल्थ’ चालवावं. पेनड्राइव्हवरचं विंडोज त्याच आवृत्तीचं आणि त्याच बिल्डचं हवं, आणि ‘स्क्रॅचडिर’ म्हणून, म्हणजे तात्पुरत्या कामाची जागा म्हणून, सी ड्राइव्हवरचा एखादा रिकामा फोल्डर द्यावा, नाहीतर निळ्या पडद्यातली तोकडी जागा संपून काम मोडतं. त्यानंतर एसएफसी, म्हणजे सिस्टम फाइली तपासणारी आज्ञा. एवढ्याने उठलं नाही तर आणखी झटू नये. कोरं विंडोज जास्त टिकतं.

कोऱ्या विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल आणि किमान आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. आयएसओ, म्हणजे विंडोजच्या इन्स्टॉलेशनची एकसंध फाइल, सोडवून हाताने कॉपी केली तर एफएटी३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर चार जीबीपेक्षा मोठी ‘इन्स्टॉल डॉट विम’ मावत नाही. रूफस नावाचा प्रोग्रॅम त्यातून वाट काढतो. लायसन्सची चिंता बहुतेक वेळा नको. विंडोज ८पासून कंपनीची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच असते, तीच आवृत्ती, होम असेल तर होम, पुन्हा घातली की नेटला जोडल्यावर ती आपसूक ॲक्टिव्हेट होते. विंडोज ७च्या काळातल्या यंत्रांवर मात्र पोटाखालच्या स्टिकरवरची की उतरवून घ्यावी लागते, आणि घामट हातांनी ती बरेचदा पुसलेली असते. इन्स्टॉलेशनमध्ये हमखास भेटणारी अडचण म्हणजे ‘वुई कुडन्ट फाइंड एनी ड्राइव्हज’. अकराव्या पिढीच्या आणि त्यापुढच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपांवर डिस्क ‘व्हीएमडी’ या इंटेलच्या डिस्क सांभाळणाऱ्या सोयीच्या मागे असते आणि विंडोजच्या इन्स्टॉलरला ती दिसत नाही. डिस्क मेली असं समजून नवी आणणारे पाहिलेत. कंपनीच्या साइटवरून इंटेल आरएसटीचा ड्रायव्हर घेऊन, सोडवून, पेनड्राइव्हवर ठेवावा आणि ‘लोड ड्रायव्हर’ने दाखवावा. डिस्क लगेच दिसते. नवं विंडोज पहिल्यांदा सुरू होताना वायफायचा ड्रायव्हर नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करावं.

एचपीचं क्लाउड रिकव्हरी टूल, डेलचं ओएस रिकव्हरी टूल, लेनोवोची डिजिटल डाउनलोड रिकव्हरी सेवा ही तिसरी वाट. यंत्राचा सिरियल नंबर किंवा मॉडेल दिलं की कंपनीची मूळ प्रतिमा ड्रायव्हरांसकट मिळते. ज्यांना ड्रायव्हर शोधण्याची सवय नाही त्यांच्यासाठी ही उत्तम, फक्त पेनड्राइव्ह ३२ जीबीचा घ्यावा आणि नेट दमदार हवं. विंडोज १०चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला सामान्यतः थांबले. ज्या यंत्राला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही, ज्याचा इंटेल प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा आहे, म्हणजे ज्यावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, त्यावर एवढी मेहनत करून जुनंच विंडोज घालण्याऐवजी लिनक्स मिंट घालावं असं माझं मत. अट एकच, श्रीलिपी किंवा टॅलीवाचून ज्यांचं चालत नाही त्यांना हा सल्ला देऊ नये.

विंडोज बसलं की रिकव्हरीचा कप्पा पुन्हा जागेवर आहे का ते रीएजंटसीने पाहायचं. ‘डिसेबल्ड’ असेल तर ‘एनेबल’ करायचं. मग ‘क्रिएट अ रिकव्हरी ड्राइव्ह’ने वेगळा पेनड्राइव्ह करायचा, सिस्टम फाइलींच्या चौकटीवर टिक करून, आणि त्यावरून लॅपटॉप एकदा प्रत्यक्ष सुरू करून पाहायचा. त्यावर मॉडेलचं नाव आणि तारीख चिकटवायची. ४८ अंकी की कागदावर लिहून लॅपटॉपच्या बॅगेत नव्हे, दुसऱ्या कपाटात ठेवायची. संहितांची एक प्रत युनिकोडमध्ये बदलून आणि एक पीडीएफमध्ये, मंडळातल्या दुसऱ्या कुणाच्या घरी. पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं तसाच पडून राहिला तर त्यावरचं पुसट होऊ शकतं, म्हणून दर मे महिन्यात, पहिल्या सरींच्या आधी, तो नव्याने लिहून घ्यायचा.